आरतीचं पान सापडेना

कुवेतमधल्या मंगफच्या मराठी घरांत गणपती ठरल्या तिथीला येतो. मंडळाच्या वेबसाइटवरची आरतीच्या पानाची लिंक मात्र थेट ४०४ वर नेऊन सोडते. उत्साही कार्यकर्ता मार्कडाउनमध्ये साध्या टेक्स्ट फायली लिहितो आणि त्याच्या विंडोजवर सगळं सुरळीत चालतं. सर्व्हर पडला लिनक्सचा, त्याला कॅपिटल ‘ए’ आणि स्मॉल ‘ए’ म्हणजे दोन वेगळे गृहस्थ! त्यात रूपांतर होऊन पान ‘डॉट एचटीएमएल’ झालं, तरी आतली लिंक अजून ‘डॉट एमडी’चाच पत्ता विचारत फिरते. चांगले पत्ते बदलत नाहीत, असं वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच बजावलं होतं. त्यांनी आखातात भाड्याचं घर घेतलेलं नसावं. लिंक तपासणारे प्रोग्राम फुकट मिळतात, पण समितीची बैठक अजून लोगोच्या केशरी रंगावर अडली आहे.