मुकादम सोडून सगळे मॉडर्न

पुण्याच्या वेशीवर बारा मजली इमारत बांधणाऱ्या एका बिल्डरसाहेबांनी यंदा कारभार आधुनिक करायचं मनावर घेतलं. ऑफिसात ईआरपी आलं, साइटवर ड्रोन घिरट्या घालू लागला, केबिनमधल्या भिंतीएवढ्या पडद्यावर लाल-हिरवे रकाने चमकू लागले. हिरवेच जास्त. लाल रकाना भरणाऱ्या इंजिनिअरची मीटिंगमध्ये हजेरी घेतात, हे पोरांना दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं.

मजुरांचं मस्टर बंद करून थंब मशीन बसवलं, तर ते गवंड्यांना ओळखेना. सिमेंट अल्कलीयुक्त असतं. वर्षानुवर्षं ओला माल हाताळून बोटांवरच्या रेषा झिजतात. जो जितका जुना कारागीर, तो मशीनला तितकाच परका. पहिल्या दिवशी अंगठा बिनतक्रार उमटला तो फक्त ऑफिसातल्या मंडळींचा. शेवटी मुकादमाने खिशातली लाल वही काढली. आता त्या वहीतले आकडे संध्याकाळी एक पोरगा कॉम्प्युटरवर चढवतो आणि साहेब ते पाहुण्यांना दाखवतात.

कायद्यानं थोडी शिस्त लावली, हे मान्य करायला हवं. 2017 पासून रेरामुळे ग्राहकांच्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीवर क्यूआर कोडही लागतो. पण सेंट्रिंगच्या प्लेटा आल्यात का, हे क्यूआर कोडला कुठून कळणार?

मग ‘लीन’वाला, म्हणजे कामातला अपव्यय कमी करायला शिकवणारा, सल्लागार आला. माणूस मात्र खरंच जाणकार. ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल या अमेरिकन अभ्यासकांना 1990 च्या दशकात आढळलं, की आठवड्यासाठी ठरवलेल्या कामांपैकी जेमतेम निम्मीच वेळेत उरकतात. त्यातून ‘लास्ट प्लॅनर’ पद्धत निघाली: रोजचं काम जो वाटून देतो त्यालाच विचारा काय जमेल, आणि नाही जमलं तर का, ते लिहून ठेवा. कुठला बारबेंडर गावाला गेलाय, खडी कधी पडणार, हे त्यालाच ठाऊक असतं. आपल्याकडे तो म्हणजे मुकादम.

या पद्धतीचं प्रशिक्षण तारांकित हॉटेलात झालं. मुकादमाला बोलावलं नव्हतं. स्लॅबचा दिवस होता, साइटवर कुणीतरी हवंच ना! दुपारी आरएमसीची, म्हणजे तयार काँक्रीटची, गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली. त्यानं इंजिनिअरला फोन केले, पण तिकडे मोबाइल बंद ठेवून भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवणं चाललं होतं. त्यानं कुणाची वाट न बघता गाळ्याच्या मधल्या भागात फळी मारून घेतली आणि स्लॅब बरोबर जागी थांबवला.

सल्लागाराचा अहवाल साहेबांना पटला. ‘लास्ट प्लॅनर’ या पदाची जाहिरातही निघाली आहे: बी.ई. सिव्हिल, एमबीएला प्राधान्य, नेमणूक मुख्य कार्यालयात.