वाढत्या अंगाचा सेट

(चेंबूर. गोल्फ क्लबाच्या भिंतीबाहेर एक पत्र्याची शेड. आत एक शिकंजा, थिनरची बाटली, खिळ्याला टांगलेल्या जुन्या ग्रिपा. शेडचा मालक एके काळी आत कॅडी होता. गुडघे गेल्यापासून साहेबलोकांच्या स्टिकांची दुरुस्ती करतो. बाप खांद्यावरची भलीमोठी बॅग उतरवतो. बॅगेमागून आठ वर्षांची मुलगी निघते.)

बाप : मामा, आमचे व्हीपी साहेब रिटायर झाले. जाताना हा सेट मला देऊन गेले. सगळ्या स्टिका कापायच्या.

कारागीर : साहेबांवर एवढा राग?

बाप : राग कसला! हिच्यासाठी. हिच्या मापाच्या करून द्या.

कारागीर : (मोजतो) चौदा आहेत.

बाप : नियमात चौदा चालतात.

कारागीर : चालतात. लागत नाहीत. बाय, खेळतेस का तू?

मुलगी : अजून नाही. पण बाबा म्हणतात, चॅम्पियन होणार.

बाप : टायगर वूड्स १९७८ साली टीव्हीवर आला तेव्हा दोन वर्षांचा होता, मामा. दोन! आम्हाला आधीच सहा वर्षं उशीर झालाय.

कारागीर : त्याच्या बापानं पहिल्यांदा पटर कापून दिला होता. चौदाची बॅग नव्हती दिली. उंची किती हिची?

मुलगी : एकशे सत्तावीस सेंटिमीटर. शाळेत मोजली.

कारागीर : म्हणजे पन्नास इंच. मग सात नंबरची स्टिक तीस इंचांच्या आसपास. ही तुमची सदतीस आहे.

बाप : तीस कशाला? चौतीस ठेवा की. वाढत्या अंगाची पोर आहे. शाळेचा स्कर्टसुद्धा आम्ही चार बोटं दुमड ठेवून शिवतो.

कारागीर : स्कर्टची दुमड पुढच्या वर्षी उसवता येते. स्टिकचं काय उसवू? लांब स्टिक दिली की पोर वाकडी उभी राहते, फिरवायला गेली की दांडा पोटात खुपतो. एक इंच जास्त ठेवतो. तेवढी खाली सरकवून धरेल. त्यापुढे वाढली की परत या.

बाप : ठीक. मग असं करू, ग्रिपसकट वरून कापा. ग्रिपचे पैसे वाचतील.

कारागीर : ग्रिप साडेदहा इंचांची. सहा कापले तर साडेचार उरली. पोरगी काय चिमटीत धरणार?

बाप : मग खालून कापा, डोक्याच्या बाजूनं. वरची ग्रिप शाबूत!

(कारागीर चष्मा काढून पुसतो. असा सल्ला देणारा माणूस इंजिनिअर असतो हे त्याला अनुभवानं ठाऊक आहे.)

कारागीर : साहेब, शाफ्ट खाली बारीक, वर जाड. बारीक टोक कापलं तर जाड भाग डोक्याच्या भोकात जाणार कसा? आणि खालून कापली की जास्तच ताठ होते. वरूनच कापायची. ग्रिप नवी, लहान मुलांची.

बाप : ताठ झाली तर चांगलंच की. मजबूत.

कारागीर : हे बघा. (एक लोखंडी शाफ्ट जमिनीवर टेकवून मधोमध दाबतो, ती लवते. मग तिला सहा इंच खालून धरून तितकंच दाबतो. ती हलत नाही.) मजबूत झाली. आता बाय, तू दाब.

मुलगी : (दोन्ही हातांनी लोंबकळत) आजोबा, हा तर खांब आहे.

कारागीर : ऐकलंत? शाफ्ट थोडी लवली पाहिजे. ही तुमच्या व्हीपी साहेबांच्या मनगटासाठी बनवलेली. कापून लहान होईल, पण पोरीची होणार नाही. त्यात हे डोकं. हातात घ्या.

बाप : हलकं आहे.

कारागीर : पावकिलोच्या वर आहे. बटाटे घेताना हलकंच वाटतं. ते दांड्याच्या टोकाला लावून तुमच्या बायनं शंभर वेळा फिरवायचं. लहान मुलांच्या स्टिकला डोकंच हलकं घालतात. मी दांडा कापू शकतो, डोकं नाही तासू शकत.

बाप : (उत्साहानं) सोपं आहे! वरच्या टोकात शिसं भरू. बॅलन्स वर सरकेल, डोकं हलकं वाटेल.

कारागीर : वाटेल. आणि शिसं कोण उचलणार?

मुलगी : मीच.

बाप : (ड्रायव्हर नावाची लांब स्टिक काढत) बरं, निदान ही तरी. हिचं डोकं दोनशे ग्रॅमच. ही कापा, बाकीचं बघू.

कारागीर : दहा डिग्रीची आहे. तोंड बघा किती उभं. हिच्यानं बॉल उचलायला जोराचा वेग लागतो. पोरीकडं एवढा वेग कुठला? बॉल जमिनीवरून सरपटत जाणार, पोरगी रडणार, आणि तुम्ही म्हणणार, खांदा फिरव.

मुलगी : बाबा घरी पण म्हणतात.

बाप : तीन नंबर आयर्न?

कारागीर : ती तुमच्या व्हीपी साहेबांनाही कधी उठली नाही. मी त्यांची बॅग उचललीय.

बाप : पण सेवे बायेस्तेरोस! स्पेनमध्ये समुद्राच्या वाळूत एकट्या तीन नंबरवर शिकला तो!

कारागीर : त्याच्याकडं ती एकच होती. तुमच्याकडं चौदा आहेत, हीच अडचण आहे.

(बाप गप्प. कारागीर बॅगेत हात घालून तळाची एक बारीक, राखाडी शाफ्टची स्टिक काढतो. शाफ्टवरच्या पट्टीत एक अक्षर आहे : एल.)

कारागीर : ही कुठली?

बाप : अरे, ती चुकून आली असणार. व्हीपी साहेबांच्या मिसेसची. तशीच एक पाच नंबर वुड पण आहे. परत करायच्यात.

कारागीर : चुकून आल्या तेवढ्याच कामाच्या आहेत. ग्रॅफाइट, हलकी, लेडीज शाफ्ट. कापल्यावर ताठ होईल, पण खांब नाही होणार. छत्तीस इंच आहे, पाच कापतो. एकतीस. म्हणजे तुमची दुमडही आली. पाच नंबर वुडला तोंड तिरकं, बॉल आपसूक चढतो. तिसरा पटर. त्याला जोर लागत नाही, जड असला तरी चालतो. बस.

बाप : तीनच? लोक काय म्हणतील?

कारागीर : साहेब, ह्या भिंतीला लागून आमची वस्ती. क्लब १९२७ चा. आत कॅडी म्हणून जायचं, बाहेर येऊन गल्लीत खेळायचं. बिल्डिंगच्या कामावरची सळई आणायची, टोक वाकवायचं, प्लास्टिकचा बॉल. आजही पोरं खेळतात.

बाप : सळई आणायची म्हणजे?

कारागीर : आणायची. पण माप बघा. ज्याची उंची जेवढी, तेवढीच सळई तो वाकवायचा. कधी कुणाला स्टिक मोठी झाली नाही.

(कारागीर आकड्यासारख्या पात्याच्या चाकूनं जुनी ग्रिप उभी चिरतो, पांढरी टेप नखांनी खरवडतो. कापायच्या जागी चिकटपट्टीचे दोन वेढे देतो, नाहीतर ग्रॅफाइटच्या ढलप्या उडतात. तोंडाला रुमाल बांधून आरीनं हळूहळू कापतो. काळी पूड पडते.)

बाप : जरा जोरात मारा की, दोन मिनिटांचं काम.

कारागीर : (रुमालाआडून) लोखंडी असती तर प्लंबरचा पाइप कटर फिरवला असता. हिला घाई चालत नाही. बाय, लांब हो, ही पूड छातीत नको.

(दुहेरी टेप, त्यावर थिनर, थोडं नव्या ग्रिपच्या आत. एका दमात ग्रिप सरकते. कारागीर डोळा बारीक करून ती डोक्याशी सरळ करतो. थिनर सुकेपर्यंत बापाला थांबवण्यात अर्धा तास जातो. मग मुलगी बाहेर येऊन प्लास्टिकचा बॉल मारते. बॉल वर जातो, पत्र्यावर वाजतो.)

मुलगी : उडाला!

बाप : खांदा फिरव—

कारागीर : साहेब.

बाप : बरं, बरं. पण मामा, उरलेल्या अकरांचं काय करू? त्याही हळूहळू कापून घेऊ?

कारागीर : एकही कापू नका. अख्ख्या आहेत तोवर विका. त्या पैशात लहान मुलांचा तयार सेट येईल. हलकी डोकी, बारीक ग्रिपा. वयावर नाही, उंचीवर मिळतो. पन्नास इंच सांगायचं.

बाप : तयार मिळतो? मग हे आल्या आल्या का नाही सांगितलंत?

कारागीर : सांगितलं असतं तर ऐकलं असतंत? (हात पुसत) आणि तीन ग्रिपांचे पैसे कुणी दिले असते?