सुरूच्या बनात अभ्यंगस्नान

मुंबईच्या माणसाला निसर्गात जायचं असतं, पण घरची आंघोळ बरोबर घेऊन. डोंगर, समुद्र, जंगल यांच्याबद्दल त्याची काही तक्रार नसते. तक्रार असते ती तिथल्या बादलीबद्दल. ट्रेकिंगवाली पोरं दोन-दोन दिवस पारोशी राहतात आणि तशा अवस्थेत फोटोही काढून घेतात, त्यांची गोष्ट निराळी. मी बोलतोय तो चाळिशी ओलांडलेला संसारी गृहस्थ. समुद्रात बुडणारा सूर्य बघतानाही त्याच्या मनात एकच प्रश्न असतो, उद्या सकाळी गरम पाण्याचं काय?

त्यात दिवाळी. डहाणूच्या पुढे बोर्डीला, किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनाला लागून असलेल्या एका चिकूच्या वाडीत तंबू ठोकून दिवाळी करायची, ही कल्पना माझ्या मेव्हण्याची. सासूबाई तयार झाल्या, पण एका अटीवर. नरक चतुर्दशीचं अभ्यंगस्नान सूर्योदयाच्या आत, तेल-उटण्यासकट, कढत पाण्याने व्हायलाच हवं. "नरकात जायची माझी तयारी नाही, आणि जावईबापूंनाही मी जाऊ देणार नाही," त्या म्हणाल्या. वाक्याच्या उत्तरार्धात माया होती की संशय, ते अजून कळलेलं नाही.

मेव्हण्याने तिसऱ्या दिवशी परदेशी बनावटीचा फिरता गॅस गिझर हजर केला. वर हँडल, खाली दोन नळ्या, बाजूला शॉवर, पुढे दोन गोल खुंट्या आणि आत दोन मोठे सेल. खोक्यावरच्या चित्रात एक गोरा माणूस बर्फाच्या डोंगरासमोर त्याखाली हसत उभा होता. अप्पांनी, म्हणजे सासऱ्यांनी, चष्मा वर करून चित्र पाहिलं आणि विचारलं, "याने तेल लावलेलं दिसत नाही?"

खरं तर डहाणूला गरम पाणी घेऊन जाणं हा उलटा व्यवहार आहे. डहाणूच्या खाडीकाठी ५०० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आहे. तिथली वीज तारांवरून मुंबईच्या उपनगरांत येते. म्हणजे आमच्या बाथरूममधला गिझर गेली कित्येक वर्षं डहाणूच तापवतंय. ते पाणी अंगावर घेऊन, टॉवेलने अंग पुसून, आम्ही डहाणूला निघालो होतो, बरोबर गॅसचा गिझर घेऊन.

जायचं कसं, यावर थोडी चर्चा झाली. विरारपासून पुढे डहाणू रोडपर्यंत लोकल २०१३ पासून धावते, भाडं किरकोळ, खिडकीतून खाड्या आणि मिठागरं दिसतात. मला तीच हवी होती. पण गॅसचा सिलिंडर रेल्वेतून नेणं हा कायद्याने गुन्हा आहे. त्यामुळे एका पाच किलोच्या सिलिंडरापायी आम्ही पाच माणसं घोडबंदरच्या वाहतूककोंडीत बसलो. पुढे महामार्ग बरा होता. सातिवलीच्या आसपास अप्पांनी सहज माहिती दिली की इथे आत गरम पाण्याचे झरे आहेत, जमिनीतूनच येतात, फुकट. गाडीत शांतता पसरली. मेव्हण्याने रेडिओ मोठा केला.

चारोटी नाक्यावरून डावीकडे वळलं की डहाणू, आणि तिथून किनाऱ्याने घोलवड-बोर्डी. हा सगळा पट्टा चिकूचा. घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे, आणि वाड्या बऱ्याचशा इराणी कुटुंबांनी उभ्या केलेल्या. आमच्या वाडीच्या मालकीणबाईही इराणी. मराठी उत्तम, पण रागावल्या की गुजराती. त्या संध्याकाळी त्यांचं गुजराती आम्ही बरंच ऐकलं.

पहिली अडचण रेग्युलेटरची. गिझरबरोबर आलेला रेग्युलेटर ज्या देशातला होता त्या देशातल्याच सिलिंडरला बसणार होता. मेव्हण्याने तो आमच्या सिलिंडरावर उजवीकडून, डावीकडून आणि शेवटी मंत्र म्हटल्यासारखं पुटपुटत वरून दाबून पाहिला. "भावोजी, चला, तलासरीला मिळेल." तलासरी महामार्गावरचं तालुक्याचं गाव, तिथे ट्रकवाल्यांना लागणारं सगळं मिळतं, या तर्कावर आम्ही आतल्या रस्त्याने निघालो. भाताची कापणी उरकत आली होती, खळ्यांवर भारे रचले होते. वाटेत मी त्याला सांगितलं की याच तालुक्यातल्या झरी गावात १९४५ साली वारली एकत्र आले आणि वेठबिगार करणार नाही म्हणून ठरवून बसले. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' वाच. तो म्हणाला, "हो, पण येताना पाण्याचा ड्रमही घ्यायचाय, तो तुम्ही मांडीवर धरा."

तलासरीच्या दुकानदाराने गिझरचा फोटो पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, "दाब किती मागतोय?" मेव्हण्याने पुस्तिकेतला आकडा दाखवला, २८ ते ३० मिलिबार. "म्हणजे घरच्या शेगडीचाच की," असं म्हणून त्याने आपला साधा रेग्युलेटर, आयएसआय शिक्क्याची नारिंगी सुरक्षा नळी आणि दोन क्लिपा पुढ्यात ठेवल्या. अख्ख्या प्रवासात गिझरबद्दल शुद्ध माहिती असलेला तो एकमेव माणूस. त्याला बरोबर घेऊन यावं असं मला फार वाटलं.

जोडणी झाली. आता गळती तपासायची, तर साबणाचा फेस सांध्यांवर लावून बुडबुडे येतात का ते पाहायचं. आगकाडी लावून पाहणाऱ्यांची परंपराही आपल्याकडे आहे, पण तिचे वारस कमी उरलेत. विहिरीच्या पाण्याला समुद्राचा खारटपणा, त्यात कपड्यांच्या साबणाला फेस येईना. मेव्हण्याने जवळच पडलेला दुसरा साबण घासला. त्याला झकास फेस आला. गळती नव्हती. पण तो साबण म्हणजे सासूबाईंनी वर्षातून एकदाच काढायचा म्हणून आणलेला मोती साबण होता, आणि पुढचा अर्धा तास तंबूंच्या परिसरात जे झालं ते गॅसगळतीपेक्षा सौम्य नव्हतं.

हा गिझर पेटतो कसा, ते सांगायला हवं. त्याला बटण नसतं. आत एक रबरी पडदा असतो. पाणी जोरात आलं की पडदा ढकलला जातो, त्याने गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो आणि सेलवर ठिणगी पडते. पाणी थांबलं की सगळं बंद. योजना सुंदर आहे, फक्त पाण्यात जोर हवा. आम्ही ड्रम स्टुलावर ठेवला. पाणी शॉवरातून आलं, पण कसं, तर एखाद्या सरकारी कचेरीत अर्ज पुढे सरकतो तसं. पडदा ढिम्म. मेव्हण्याने हिशोब केला की दहा मीटर उंचीला एक बार दाब, म्हणजे ड्रम जितका वर तितकं बरं, आणि त्याची नजर चिकूच्या झाडावर गेली. दोर फांदीवरून टाकला गेला तेवढ्यात मालकीणबाई आल्या. गुजरातीचा पहिला भर ओसरल्यावर त्या मराठीत म्हणाल्या, "अरे दीकरा, मानांकन चिकूला मिळालंय, तुझ्या ड्रमला नाही."

मग गाडीच्या बॅटरीवर चालणारा बारा व्होल्टचा पंप बाहेर निघाला. तो मुळात गिझरच्याच खोक्यात होता, पुस्तिकेच्या खाली. पंप घुर्रला, पडदा हलला, टक-टक-टक झालं, भक्कन निळी ज्योत लागली आणि पाणी गरम आलं. टाळ्या पडल्या. समुद्रावरून वारा येत होता म्हणून मेव्हण्याने पश्चिमेला पत्र्याचा आडोसा केला, मोबाइलवर पहाटे चारचा गजर लावला आणि आम्ही तारप्याचा दूरवरून येणारा आवाज ऐकत झोपलो.

शाळेत भूगोलाच्या तासाला खारे वारे आणि मतलई वारे शिकवतात, तेव्हा मेव्हणा बहुधा गैरहजर होता. दिवसा वारा समुद्रावरून जमिनीकडे वाहतो. रात्री जमीन लवकर निवते आणि पहाटे तो जमिनीवरून समुद्राकडे जातो. आडोसा पश्चिमेला, वारा पूर्वेचा, आणि मधोमध अप्पा, अंगभर तेल आणि उटणं माखून, पंचा नेसून, पाटावर. गिझर पेटे आणि विझे. ज्योत गेली की गॅस आपोआप तुटतो, ही त्यातली सुरक्षा. ती आम्ही त्या पहाटे पुन्हा पुन्हा अनुभवली. "लागला का?" अप्पा विचारत. "लागला!" मेव्हणा सांगे. "गेला," अप्पाच म्हणत.

मालकीणबाई शाल पांघरून पाहायला आल्या होत्या. पूर्वेला बारडाचा डोंगर काळोखात नुसता जाणवत होता. तिकडे हात करून त्या म्हणाल्या, "संजाणवर हल्ला झाला तेव्हा आमच्या लोकांनी पवित्र अग्नी उचलला आणि त्या डोंगरावरच्या बहरोटच्या गुहेत नेला. बारा वर्षं तिथे पेटता ठेवला. मग बांसडा, नवसारी, सुरत करत १७४२ साली उदवाड्याला. आजपर्यंत विझला नाही." त्यांनी गिझरकडे पाहिलं. मेव्हणा तेव्हा सेल काढून शर्टाला पुसत होता. पुढचं त्या बोलल्या नाहीत, खानदानी बाई.

शेवटी मी आणि बायकोने पूर्वेला सतरंजी ताणून धरली आणि ज्योत टिकली. आणि इथून खरा प्रसंग सुरू होतो, कारण नळाचा ताबा सासूबाईंकडे होता.

घरच्या नळाचा आपला अनुभव असा, की पाणी फार कढत वाटलं तर नळ बारीक करायचा. या यंत्राचं गणित उलटं. ज्योत तेवढीच राहते. पाणी मिनिटाला पाच लिटर गेलं तर ते पन्नास अंशांच्या आसपास येतं, तीन लिटर गेलं तर पासष्ट-सत्तरपर्यंत चढतं. म्हणजे चटका बसला की नळ मोठा करायला हवा. अप्पा ओरडले, "कढत आहे!" सासूबाईंनी नळ बारीक केला. अप्पा आणखी ओरडले. त्यांनी आणखी बारीक केला, वर "पाणी वाया जातंय ते वेगळंच" असंही म्हणाल्या. मेव्हणा "आई, मोठा कर, मोठा कर" म्हणत धावला, तेव्हा त्या म्हणाल्या, "अरे, ते भाजतायत आणि मोठा कसला करू?" युक्तिवाद बिनतोड होता. त्याच क्षणी पाणी अति तापल्यामुळे गिझरने स्वतःला बंद करून घेतलं आणि अप्पांवर विहिरीचं गार पाणी आलं. ते सावरतात तोवर पुन्हा ज्योत, आधी नळीत अडकलेलं कढत, मग मधलं गार, मग पुन्हा कढत. त्यांनी करीट पायाखाली फोडलं ते नरकासुराच्या नावाने की मेव्हण्याच्या, हे विचारण्यासारखी वेळ नव्हती.

एवढ्यात उजाडलं. अजून चार जणांची आंघोळ बाकी, आणि घड्याळात पावणेसात, म्हणजे पंचांगाप्रमाणे सूर्य उगवलेला. सगळे सासूबाईंकडे पाहू लागले. त्यांनी बारडाच्या डोंगराकडे निरखून पाहिलं, माथ्यामागे नुसता उजेड होता, बिंब नव्हतं. "दिसत नाही तोवर उगवला नाही," त्यांनी निकाल दिला. "बादल्या घ्या." नळ मोठा ठेवून, शॉवरचं पाणी सरळ बादलीत भरून आणि गार विसण घालून उरलेल्या चार आंघोळी झाल्या, आणि मुख्य म्हणजे सुखाच्या झाल्या. पहिल्यापासून असंच करायचं होतं. मला विचाराल तर या यंत्राचा शॉवर हा फक्त चित्रातल्या गोऱ्यासाठी आहे.

गॅस किती गेला? एका बादलीला पंचवीस-तीस ग्रॅमच्या वर लागत नाही, त्या हिशोबाने पाच किलोत दीडशेवर बादल्या निघतात. दुपारी कळलं की वाडीत झाडांना पाणी द्यायला पसरलेल्या काळ्या पाइपांत उन्हाने पाणी इतकं तापतं की पहिल्या दोन बादल्यांना हात लावता येत नाही. मालकीणबाईंनी हे आम्हाला आधी का सांगितलं नाही? त्या म्हणाल्या, "तुम्हाला सूर्य उगवायच्या आधी हवं होतं ना!"

तरीही कुणाला हा गिझर घ्यायचाच असेल तर घ्यावा, वस्तू वाईट नाही. पंप आधी शोधा, रेग्युलेटर आपल्या देशाचा घ्या, आडोसा पहाटेच्या वाऱ्याकडे करा. तंबूत मात्र तो चुकूनही लावू नका, आणि बंद न्हाणीघरातही नको. जळताना निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, माणूस झोपेतच जातो. गळालेला गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, आणि तंबूत आपण जमिनीवरच झोपलेले असतो. तेव्हा गिझर उघड्यावर, सिलिंडर उभा आणि लांब, काम झालं की रेग्युलेटर बंद. आणि नळाशी सासूबाईंना उभं करू नका.