शंभर कोटींच्या अब्रूस येरमाळ्याचा नमस्कार

मा. नेतेसाहेब (पक्ष सध्याचा धरावा) यांस,

येरमाळ्याहून एका मतदाराचा सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपली अब्रू गेल्याचं परवा टीव्हीवर कळलं. वाईट वाटलं. पण तिची किंमत ऐकून तोंडात बोटं घालायची वेळ आली. शंभर कोटी! आम्ही सोयाबीनला क्विंटलमागं शंभर रुपये वाढवून मागितले तर आडत्या आमच्याकडं वेड्यासारखं बघतो. आपण एवढे मौल्यवान आहात हे मत देताना आमच्या ध्यानातच आलं नव्हतं.

आपली मानहानीची नोटीस चौकात मोठ्यानं वाचली गेली. ‘सात दिवसांत बिनशर्त माफी मागा, अन्यथा दिवाणी आणि फौजदारी कारवाईला तयार राहा.’ भाषा झकास. फक्त झालेला आरोप खोटा कसा, हे सांगणारी एक ओळ काही सापडली नाही. आरोप जमिनीचा होता. सातबारा जोडला असता तर दोन पानांत विषय संपला असता. पण सातबाऱ्याच्या जागी शंभर कोटींचा आकडा आला. आकडाही तसा स्वस्तातच पडतो म्हणा. महाराष्ट्रात दावा शंभर कोटींचा लावा नाहीतर पाचशे कोटींचा, कोर्ट फी दहा लाखांच्या वर जात नाही.

साहेब, एक गोष्ट हात जोडून सांगतो. आमच्याकडं सोयाबीन पिकतं, तूर पिकते, ज्वारी पिकते. अफवा पिकत नाही. ती मुंबईहून येते. सकाळी दहाला आपले विरोधक पत्रकार परिषद घेतात, एक कागद हवेत फडकावतात आणि घडी घालून परत खिशात ठेवतात. कागदावर काय आहे ते कॅमेऱ्यालाही दिसत नाही. दुपारचा चहा होईपर्यंत ती क्लिप सोलापूर-धुळे हायवेवरून आमच्या चौकात उतरलेली असते. तिथून एक फाटा बार्शीकडं, एक कळंबकडं.

आपल्या वेळीही तसंच झालं. स्टँडजवळ रिचार्जचं दुकान चालवणाऱ्या आमच्या एका पोरानं ती क्लिप गावच्या ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, ‘हे खरं आहे का?’ एवढंच. संध्याकाळी आपल्या कार्यकर्त्यांच्या दोन गाड्या दुकानापुढं लागल्या. ‘साहेब नाराज आहेत,’ म्हणाले. पोराला उभं करून माफीचा व्हिडिओ घेतला. तो तीनदा घ्यावा लागला. पहिल्या खेपेला हात नीट जोडले गेले नव्हते, दुसऱ्या खेपेला नावाआधी ‘सन्माननीय’ म्हणायचं राहिलं. तिसरा आपल्याला पसंत पडला असावा, कारण तो तालुकाभर फिरला. ज्यांनी मुंबईत कागद फडकावला, त्यांच्या शेजारी मात्र आपण आठच दिवसांनी एका लग्नात अक्षता टाकताना दिसलात. फोटो छान आला आहे.

आता कायद्याचं थोडं. कोर्ट आमच्यासाठी कळंबला, त्यामुळं कायदा आम्हाला एसटीच्या तिकिटाएवढा तरी कळतो. जुन्या भारतीय दंड संहितेचं ४९९ आणि ५०० गेलं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३५६ आलं. गुन्हा अदखलपात्र. ज्याची अब्रू गेली त्यानं मॅजिस्ट्रेटपुढं जाऊन स्वतः तक्रार द्यायची. आपण मंत्री असाल आणि आरोप कारभारावरचा असेल, तर सरकारच्या मंजुरीनं सरकारी वकीलच आपल्यासाठी तक्रार देऊ शकतो, म्हणजे तो खर्चही आमच्याकडंच. दोन गाड्या पाठवायची तरतूद मात्र कुठल्याच कलमात दिसली नाही.

नव्या कायद्यात या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे. आमच्या चौकातल्या फ्लेक्सवर जेवढे चेहरे आहेत, तेवढे सगळे आधीच ‘समाजसेवक’ आहेत. त्यांना ही शिक्षा कशी द्यायची, यावर गावात अजून एकमत नाही. माझी सूचना अशी की, ती येडेश्वरीच्या चैत्र यात्रेत भोगायला लावावी. तिथं भाविक शेतात चुन्याचे खडे वेचतात, त्या चुन्यानं देवीच्या देवळाला रंग देतात. वर्षभर एकमेकांच्या नावानं खडे फोडणाऱ्यांना एक दिवस वेचायलाही बसवावं.

साहेब, शहानिशा न करता बोलणाऱ्याची बाजू मी घेत नाही. १८८२ मध्ये खुद्द टिळक-आगरकरांना ती चूक भोवली. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे महाराजांचा छळ करतात, असं ‘केसरी’ आणि ‘मराठा’नं छापलं. आधार म्हणून जी पत्रं होती ती बनावट निघाली. दोघांनी माफी मागितली, तरी चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. त्यांच्यासाठी दहा हजारांचा जामीन उभा केला तो जोतीराव फुल्यांच्या सांगण्यावरून रामशेट उरवण्यांनी. अण्णा हजाऱ्यांनी मंत्री बबनराव घोलपांवर केलेले आरोप कोर्टात सिद्ध करता आले नाहीत, म्हणून १९९८ मध्ये त्यांना तीन महिन्यांची शिक्षा झाली आणि ते येरवड्यात गेले. लोक चिडलेले बघून सरकारनंच त्यांना लवकर सोडलं. चूक असेल, पण ही माणसं आपल्या शब्दासाठी स्वतः आत गेली. दुकानातल्या पोराला पुढं केलं नाही.

आता अलीकडचं. अरविंद केजरीवालांनी २०१४ मध्ये भ्रष्ट नेत्यांच्या यादीत नितीन गडकरींचं नाव घेतलं. दहा हजारांचा जातमुचलका द्यायला नकार देऊन तिहारला गेले. १८८२ ते २०१४, जामिनाच्या दराला तेवढी महागाई शिवली नाही! पुढं मार्च २०१८ मध्ये त्यांनी गडकरींना पत्र लिहिलं आणि खरं-खोटं न पडताळता बोललो, अशी कबुली देऊन खेद व्यक्त केला. मंत्री असताना नवाब मलिक रोज सकाळी एक कागद दाखवत होते. त्या कागदांवरून वानखेडे कुटुंबानं लावलेल्या सव्वा कोटीच्या दाव्यात मुंबई हायकोर्टानं त्यांना विचारलं, हे कागद आधी पडताळून पाहिले होते का? नंतर कोर्टाला दिलेली हमी मोडली म्हणून डिसेंबर २०२१ मध्ये बिनशर्त माफी मागावी लागली. संजय राऊतांनी मीरा-भाईंदरच्या शौचालयांत शंभर कोटींचा घोटाळा झाल्याचा आरोप केला. तो ज्यांच्यावर होता त्या मेधा सोमय्यांच्या तक्रारीवरून माझगावच्या कोर्टानं सप्टेंबर २०२४ मध्ये पंधरा दिवसांची कैद आणि पंचवीस हजारांचा दंड सुनावला. अपिलासाठी शिक्षा त्याच दिवशी स्थगित झाली. आरोप शंभर कोटींचा, दंड पंचवीस हजारांचा. बाजारभाव कुणाला बघायचा असेल तर हा बघावा.

या अलीकडच्या प्रकरणांत आरोप करणारे कोण? नेते, खासदार, मंत्री. येरमाळ्याच्या रिचार्जवाल्याचं नाव एकाही खटल्यात नाही.

गंमत अशी की, हा फौजदारी कायदाच काढून टाका म्हणून सुप्रीम कोर्टात सुब्रमण्यम स्वामी, राहुल गांधी आणि केजरीवाल हे तिघंही गेले होते. तीन तोंडं तीन दिशांना, पण मागणी एक. १३ मे २०१६ रोजी कोर्टानं कायदा कायम ठेवला. म्हणजे दावा अंगावर आला की कायदा जुलमी, आपण ठोकला की लोकशाहीचा आधार!

याच सुप्रीम कोर्टानं १९९४ मध्ये राजगोपाल खटल्यात सांगून ठेवलं आहे की, पदावरच्या माणसाच्या सरकारी कामावर कुणी टीका केली आणि ती चुकीची निघाली, तरी बोलणाऱ्यानं वाजवी शहानिशा केली होती एवढं दाखवलं की नुकसानभरपाई मिळत नाही. आता मला सांगा, त्या दिवशी शहानिशा कुणी केली? कागद फडकावणाऱ्यानं केली नाही. दिवसभर क्लिप चालवणाऱ्या चॅनेलनं केली नाही. आपण तर सातबाराच दाखवला नाही. ‘हे खरं आहे का?’ असं विचारणारा या सगळ्यांत एकटा आमचा पोरगा होता, आणि हात त्यालाच जोडायला लावले.

तरी विनंती अशी. आरोप खोटा असेल तर दावा जरूर लावा. पण ज्यानं माइकवर आरोप केला त्याच्यावर लावा, सातबारा जोडून लावा, आणि उलटतपासणीला पिंजऱ्यात स्वतः उभे राहा. दोन तारखांनंतर ‘आपसात मिटलं’ असं सांगू नका. आणि उद्या विरोधकांवर आपण कागद फडकावाल, तेव्हा तो घडी घालून खिशात ठेवू नका, कॅमेऱ्यापुढं नीट धरा. खोटा निघाला तर माफीही त्याच माइकवर, त्याच वेळेला मागा. एवढं केलंत तर अब्रूची किंमत आम्ही मतपेटीत आपोआप लावू. त्याला कोर्ट फी पडत नाही.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला,
एक मतदार,
मु. पो. येरमाळा, ता. कळंब, जि. धाराशिव

ता. क. वाचकहो, हे पत्र पुढं पाठवायचं असेल तर खुशाल पाठवा. पण यातला प्रत्येक सन आणि प्रत्येक आकडा आधी पडताळून बघा.