डिजिटल अटक करणाऱ्या साहेबांस अनावृत पत्र



आपले नाव ठाऊक नाही. व्हिडिओ कॉलवर दिसणारा अंगावरचा गणवेश, मागच्या भिंतीवरचे बोधचिन्ह आणि आवाजातली जरब एवढीच ओळख. तरी आपल्या कायद्याच्या अभ्यासाला दाद द्यायलाच हवी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 'डिजिटल अटक' नावाची चीजच नाही. कलम 43 म्हणते, अटक करताना पोलिसाने माणसाच्या अंगाला प्रत्यक्ष हात लावावा किंवा त्याला अडवून ठेवावे. अपवाद एकच, तो माणूस बोलून वा वागून आपण होऊन शरण आला तर. हा अपवाद आपण फार बारकाईने वाचलेला दिसतो. मोबाइलच्या काचेतून हात लावता येत नाही, शरणागती मात्र मागितल्याबरोबर मिळते.

आपल्या यशाचे श्रेय लोकांच्या अडाणीपणाला आणि हावेला दिले जाते. हा आपल्यावर अन्याय आहे. हाव लागते ती महिन्यात पैसे दुप्पट करून देणाऱ्यांना. आपले गिऱ्हाईक सरळमार्गी, कर भरणारे, सरकारी कागद जपून ठेवणारे. 2024 मध्ये वर्धमान उद्योगसमूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांच्यासाठी तर आपल्या बिरादरीने बनावट सर्वोच्च न्यायालय भरवले, तोतया सरन्यायाधीश बसवले आणि 7 कोटी रुपये काढून घेतले. हयात सूतगिरण्या चालवण्यात गेलेला, ताळेबंद कोळून प्यायलेला माणूस अडाणी कसा म्हणावा?

मग गोम कुठे आहे? आमच्या शिकवणीत. पडद्यावर येईल ते करायचे, 'का?' विचारायचे नाही, हे आमच्या अंगी चांगले मुरवले गेले आहे. केवायसी पुन्हा करा, नाहीतर खाते गोठेल. आधार जोडा, नाहीतर सिम बंद. 26 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बँक खाते आणि मोबाइलसाठीची आधारसक्ती रद्द केली, पण तोवर कित्येकांनी ते मुकाट्याने जोडूनही टाकले होते. काउंटरवर शंका काढावी तर 'सिस्टीममध्ये तसंच आहे' हे उत्तर. पुढे सिस्टीमशी कोण वाद घालणार? अंतिम मुदत, दमदाटी, न कळणारी कलमे ही खऱ्या कार्यालयांचीच बोली. आपण ती जशीच्या तशी उचललीत. खरे-खोटे ओळखायचे ते सुरावरून, आणि सूर तर दोन्हीकडे एकच.

कुणी म्हणेल, पूर्वी तरी काय वेगळे होते? मार्च 1987 मध्ये मुंबईत ऑपेरा हाउसच्या त्रिभोवनदास भीमजी झवेरी पेढीवर तोतया सीबीआय पथकाने दिवसाढवळ्या छापा घातलाच ना? घातला. पथकातली पोरेही वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून आलेली. त्यांनाही नोकरी खरीच वाटत होती. शिक्क्यापुढे मान तुकवणे जुनेच आहे. पण त्या पथकाच्या म्होरक्याला माणसे जमवावी लागली, चारचौघांत तोंड दाखवावे लागले. आपली पहिली अटच वेगळी: दार लावून घ्या, कॅमेरा सुरू ठेवा, घरच्यांनाही सांगू नका. सगळी मेख इथे आहे, आणि आमच्या समाजशास्त्रज्ञांपेक्षा ती आपल्याला आधी कळली. तारतम्य एकट्याच्या डोक्यात फारसे कधी नव्हतेच. ते असायचे जिन्यात, ओट्यावर, 'अहो, सीबीआय कधीपासून फोनवर पैसे मागायला लागली?' असे विचारणाऱ्या शेजाऱ्याच्या खवचटपणात. आजही मुदत ठेव मोडायला आलेल्या आजोबांना बँकेतली एखादी बाई 'एवढे पैसे कुणाला पाठवताय?' म्हणते आणि आपला दोन दिवसांचा खेळ दोन मिनिटांत आटोपतो. (त्या बाईला हे विचारायला परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही.)

सरकार इशारे देत नाही असेही नाही. सायबर फसवणुकीसाठी 1930 हा मदत क्रमांक आहे, 27 ऑक्टोबर 2024 च्या 'मन की बात'मध्ये खुद्द पंतप्रधान डिजिटल अटकेवर बोलले. पण इशारा ही आणखी एक सूचना, आणि इतक्या सूचनांत ती वेगळी ऐकू यावी कशी? शिवाय 'अनोळखी लिंक उघडू नका' असे बजावणाऱ्या बँकाच संदेशातून लिंक धाडत असतात.

तेव्हा एक विनंती. अटक करताना पाच मिनिटांची सवलत द्यावी. शेजारच्या काकूंना तेवढे विचारून येतो. खऱ्या पोलिसाची याला हरकत नसावी. आपली असल्यास तसे लेखी कळवावे, सही-शिक्क्यानिशी, तीन प्रतींत.

आपला,
अद्याप अटक न झालेला एक खातेदार