कंपनी चालवून दाखवा

ताथवड्यात कुणालाही विचारा, "मुलगा काय करतो?" उत्तर दोन शब्दांत येतं, "कंपनीत आहे." कुठली कंपनी, तिथं काय बनतं, हा त्यात नेमकं काय करतो, ही पुढची चौकशी. ती केली तर चालते, न केली तरी कुणाचं अडत नाही. गिअर कापणारा, सॉफ्टवेअर लिहिणारा, गेटवर वही पुढं करणारा आणि त्या वहीत सही न करताच आत जाणारा साहेब, चौघंही 'कंपनीत'च असतात. इतकी समता कुठल्या युनियनला साधली नसेल.

ताथवडे हे तसं कंपनीत जाणाऱ्यांचं गाव. 2009 साली ते पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं, तेव्हा इथं शेतं बरीच आणि टॉवर थोडे होते; आता उलट आहे. सकाळी भूमकर चौकात उभं राहिलं की एक लोंढा हिंजवडीकडं सरकताना दिसतो आणि दुसरा डांगे चौकाच्या दिशेनं. हिंजवडीवाले "ऑफिसला चाललो" म्हणतात, पिंपरी-भोसरी-चाकणवाले "कंपनीत चाललो" म्हणतात. पण दोघांच्याही गावाकडच्या आईला हा भेद मान्य नाही. एसीत बसून कोड लिहिणारा आणि प्रेसवर पत्रा ठोकणारा तिच्या लेखी एकच. दोघांनाही ती फोनवर एवढंच विचारते, "कंपनीत जेवायला देतात ना रं?" गावात कंपनीशी काडीचाही संबंध नसलेले नोकरदार पाहायचेच तर पशुसंवर्धन खात्याच्या वळू माता प्रक्षेत्रात जावं. तिथले वळू थेट सरकारी सेवेत आहेत. अख्ख्या ताथवड्यात इतकी बिनघोर नोकरी दुसऱ्या कुणाची नसावी.

शाळेत संस्कृतच्या तासाला बाई 'देव' चालवायला लावत. देवः, देवौ, देवाः. देव चालवता आला नाही की बाकावर उभं राहावं लागे. पिंपरी-चिंचवडच्या शाळांत खरं म्हणजे 'कंपनी' चालवायला लावावी. सात विभक्त्या आणि वर संबोधन, एवढ्यात इथल्या माणसाचं अख्खं चरित्र बसतं.

प्रथमेपासून सुरुवात करू. प्रथमा कर्त्याची, आणि कंपनी आपल्याकडं आली तीच कर्ती-सवरती होऊन. 31 डिसेंबर 1600 रोजी लंडनच्या व्यापाऱ्यांना राणीची सनद मिळाली आणि ईस्ट इंडिया कंपनी जन्माला आली. पुढं 1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि या मुलखात कंपनीचं राज्य सुरू झालं. मराठी जिभेनं तिला 'कुंपणी' करून टाकलं. कुंपणी सरकार! शब्द ऐकताच शेताचा बांध आणि बाभळीच्या काट्या डोळ्यांपुढं याव्यात असा. आता मराठीत कुंपणाची ख्याती काय, तर ते शेत खातं. परका शब्द घेताना त्याच्या चारित्र्याचा दाखलाही असा सोबत जोडून घेणं हे मराठीलाच सुचू जाणे. याच कंपनीच्या फौजेतला मोल्सवर्थ नावाचा अधिकारी इथं मराठीच्या प्रेमात पडला. त्याचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली निघाला आणि 1857 साली दुसरी आवृत्ती आली. पुढच्याच वर्षी कंपनीचं राज्य गेलं. कोश मात्र अजून कामावर आहे. कंपनीनं इथं लावलेल्या माणसांपैकी खरा पर्मनंट ठरला तो हाच.

कंपनी गेली आणि शंभर वर्षं भरायच्या आत या पट्ट्यात पुन्हा आली. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, 1966 मध्ये टेल्को आली. टेल्कोचं नाव 2003 साली टाटा मोटर्स झालं, ते कागदावर. इथले जुने लोक अजून टेल्कोच म्हणतात. आता तर कंपनी कॉलेजातही येते. ताथवड्यात इंजिनिअरिंग आणि मॅनेजमेंटची कॉलेजं इतकी आहेत की सीझनमध्ये रोज कुठं ना कुठं "कंपनी आली" असा पुकारा होतो, गावात तमाशाचा फड उतरल्यासारखा. मुलं शर्ट इस्त्री करून, केस चापून बसतात. "काल मोठी कंपनी आली होती, पण तिनं दोघांनाच घेतलं." कंपनी येते, बघते, निवडते, जाते. आपण कर्म.

कर्म म्हटलं की द्वितीया आली, आणि तिच्यामागं चतुर्थी. मराठीत दोघींचे प्रत्यय सारखेच, स आणि ला, त्यामुळं मार आहे की दान, हे वाक्यावर ठरतं. 'कंपनीला' या रूपाचं या पट्ट्यातलं ठरलेलं क्रियापद एकच. "खालचं रान कंपनीला गेलं." रान जातं, जणू त्याला पाय आहेत, कुणी घेतलं असं म्हणायची रीत नाही. पुढं पैसे येतात, बंगला होतो, दारात गाडी उभी राहते, आणि गाडीच्या मागच्या काचेवर त्याच रानाच्या आठवणीत 'शेतकरी' असं ठसठशीत लिहिलं जातं.

तृतीया दिलदार आहे. कंपनीने दिलं. या पट्ट्यातल्या जुन्या घरांत कपाट उघडा. स्टीलचा डबा कंपनीने दिला, भिंतीवरचं घड्याळ पंचवीस वर्षं भरल्याबद्दल कंपनीने दिलं, छत्री कंपनीने दिली, दिवाळीचा मिठाईचा बॉक्स कंपनीने दिला आणि मिठाई संपल्यावर त्यात आता शिलाईचं सामान आहे. खंडेनवमीला मशीनना हार पडतात, घरच्यांना आत सोडतात, आणि वर्षभर ज्या मशीननं बापाला उशिरा घरी पाठवलं तिला पोरं हळदकुंकू वाहून नमस्कार करतात. पण तृतीयेला दुसरी बाजू आहे, आणि ती व्याकरणातूनच कळते. बोनसची नोटीस लागते तेव्हा वाक्य छातीठोकपणे कर्तरी असतं, "कंपनीने बोनस जाहीर केला आहे." काढून टाकल्याचं पत्र येतं तेव्हा कंपनी वाक्यातून हळूच उठून जाते, "आपली सेवा समाप्त करण्यात येत आहे." कुणी समाप्त केली? कुणीच नाही. ती आपोआप येण्यात येते.

म्हणजे पंचमी आली. पंचमी अपादानाची, ताटातुटीची. "कंपनीतून सुटलो" हे रोजचं. "कंपनीतून निघालो" याचे अर्थ दोन, आणि ऐकणाऱ्या बायकोनं कुठला घ्यायचा हे आवाजावरून ठरतं. कुणी कंपनीतून व्हीआरएस घेतो, कुणाला कंपनीतून ब्रेक मिळतो. हा ब्रेक चहाचा नव्हे. औद्योगिक विवाद कायद्यात वर्षभराच्या सलग सेवेसाठी 240 दिवसांचं माप सांगितलं होतं. ते भरण्याआधी माणसाला घरी पाठवायचं आणि काही दिवसांनी नव्यानं घ्यायचं, अशी युक्ती निघाली. त्या काळात सात-सात महिन्यांची नोकरी करता करता कित्येकांची पोरं दहावीला पोचली.

षष्ठी म्हणजे मालकीची विभक्ती, आणि इथली सगळ्यांत इभ्रतीची. "कंपनीचा माल आहे" म्हटलं की दुकानदारानं पुढं बोलायची गरज उरत नाही. रिक्षाचा पार्ट असो की मिक्सरचं भांडं, जगात वस्तू दोनच प्रकारच्या, कंपनीच्या आणि लोकल. वापरलेली गाडी विकणारा "सीएनजी कंपनी फिटेड आहे हां" हे वाक्य मुलीचे गुण सांगितल्यासारखं मान डोलावून सांगतो. पण हाच प्रत्यय माणसाला लावला की गोष्ट बदलते. एकाच लाइनवर शेजारी शेजारी उभे राहून दोघं तोच बोल्ट आवळतात. एक कंपनीचा, दुसरा कॉन्ट्रॅक्टरचा. एक ट्रेनी, एक अॅप्रेंटिस, एक टेम्पररी. कुठं गणवेशाचा रंग वेगळा, कुठं ओळखपत्राची दोरी वेगळी. गाडी तयार होऊन बाहेर पडते ती मात्र नखशिखान्त 'कंपनीची'. तिला जोडणाऱ्या हातांपैकी निम्म्या हातांना तो प्रत्यय लागत नाही.

म्हणून सप्तमी बरी. 'कंपनीत'. या 'त' मध्ये सगळे मावतात. सुरुवातीला कौतुक केलं त्या समतेचं रहस्य हेच. लग्न जमवताना मुलाकडचे सप्तमीत बोलतात, "मुलगा कंपनीत आहे." मुलीचा मामा जुना खेळाडू असतो. तो चहाचा कप खाली ठेवून षष्ठीत विचारतो, "कंपनीत आहे, पण कंपनीचा आहे का?" मग बैठकीत जी शांतता पसरते तिचं व्याकरण अजून कुणी लिहिलेलं नाही.

आणि शंभर-सव्वाशे वर्षांमागं? तेव्हा घरात "मुलगा कंपनीत गेला" म्हटलं असतं तर आईनं डोळ्याला पदर लावला असता. कारण तेव्हाची कंपनी म्हणजे नाटक कंपनी. पोरगं घरातून पळून कंपनीत जाई आणि तोंडाला रंग फासून उभं राही. 1905 साली नारायण श्रीपाद राजहंस किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले आणि बालगंधर्व म्हणून महाराष्ट्राच्या गळ्यातले ताईत झाले, पण म्हणून आयांनी पोरांना कंपनीत पाठवायला सुरुवात केली असं नाही. पुढं 1929 साली कोल्हापुरात निघालेली प्रभात फिल्म कंपनी 1933 मध्ये पुण्यात आली, तेव्हाही 'कंपनीतला माणूस' म्हटल्यावर शेजारची खिडकी जरा लागलीच. आज कंपनीत गेल्याचे पेढे वाटतात, आणि नाटक कंपनी हा शब्द उरला तो खोटंखोटं रडणाऱ्या पोरासाठी. "नाटक कंपनी आहे नुसती!"

सप्तमीचा आणखी एक अर्थ आहे, संगतीचा. "वाईट कंपनीत राहू नकोस" असं सर शाळेत सांगत. मुलाची कंपनी चांगली नाही अशी तक्रार आज बापाकडं गेली तर बाप म्हणेल, "बदलतोय सर, चाकणला इंटरव्ह्यू दिलाय." थट्टा सोडा, पण मूळ अर्थ तोच. लॅटिनमध्ये 'पानिस' म्हणजे भाकर. एक भाकर मोडून खाणारे ते 'कंपनी'. याला आपल्याकडं पंगत म्हणतात. सनदा, तोफा, शेअर, बॅलन्सशीट हे सगळं नंतर चढलेलं. मूळ शब्दात नुसती भाकर होती आणि ती मोडून घेणारे हात. तेव्हा "कंपनीत जेवायला देतात ना?" असं विचारणारी ती गावाकडची आई व्युत्पत्तीच्या दृष्टीनं एचआरपेक्षा अचूक आहे. आणि टपरीवर "चल, चहाला कंपनी दे" म्हणणारा ट्रेनी हा शब्द जसा वापरतो, तसा तो कुठल्याच भागधारकाला वापरता येत नसेल. त्याच्या या कंपनीत पर्मनंट-टेम्पररी भेद नाही. कटिंग अर्धं अर्धं होतं.

राहिलं संबोधन. इथं गाडी अडते. कंपनीला हाक कशी मारायची? जिनं दिलं, जिनं काढलं, जिला रान गेलं, ती प्रत्यक्ष समोर कधी येत नाही. तिच्या वतीनं सुपरवायझर येतो, सुपरवायझरच्या वतीनं कॉन्ट्रॅक्टर, आणि कॉन्ट्रॅक्टरच्या वतीनं त्याचा बंद लागणारा मोबाइल. जुन्या मराठीत ही अडचण नव्हती. तेव्हा दुकानाच्या पाटीवर 'आणि कंपनी' ऐवजी 'आणि मंडळी' लिहीत, आणि मंडळींना हाक मारता येते. 'कंपनी'ला मात्र व्याकरणाच्या पुस्तकात पाहून प्रत्यय लावावा लागतो. संबोधनाच्या अनेकवचनाचा प्रत्यय आहे 'नो'. मुलांनो, बंधूंनो, तसं कंपन्यांनो.

हातात फाइल धरून गेटवर उभ्या असलेल्या पोराला हा प्रत्यय कुणी शिकवावा लागत नाही. हाक मारायला त्यानं तोंड उघडण्याआधीच तो सिक्युरिटीच्या केबिनवर ठळक अक्षरांत रंगवलेला असतो, आणि पुढं 'व्हेकन्सी' असं लिहिलेलं असतं.