धूळ एकाची, नाव दुसऱ्याचं

व्हॅक्यूम क्लीनर फिरवायला ब्रिटनमध्ये म्हणतात ‘हूवर करणे’. बिचारा ह्युबर्ट सेसिल बूथ! धूळ शोषणारं यंत्र या इंग्रज इंजिनिअरने १९०१ सालीच काढलं होतं. घोडागाडीवरचं ते धूड रस्त्यात उभं राही आणि लांबलचक नळ्या खिडक्यांतून थेट दिवाणखान्यात शिरत. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचेसुद्धा त्यानेच साफ केले. पण क्रियापदाला नाव चिकटलं ते ओहायोतल्या चामड्याच्या व्यापाऱ्याचं, विल्यम हूवरचं. त्याने तरी कुठे काय शोधलं होतं? दम्याने बेजार झालेल्या जेम्स स्पँगलर या सफाई कामगाराने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा नि उशीचा अभ्रा जोडून यंत्र बनवलं. हूवरसाहेबांनी १९०८ मध्ये त्याचे हक्क विकत घेतले. (कुठल्याही कंपनीच्या मशीनवर ‘झेरॉक्स’ काढणाऱ्या आपल्याला यात नवल वाटायला नको.)

गंमत म्हणजे अमेरिकेत सरसकट ‘व्हॅक्यूम’ करतात. खुद्द ओहायोत तर कित्येक घरांत अजून ‘स्वीपर’ फिरतो. आणि ब्रिटिश गृहिणी? मूळच्या ब्रिटिश डायसनचं महागडं यंत्र हातात धरूनही ती हूवरच करते.